झेब्रे घेऊन साखळीला

गोव्याला जाऊन समुद्र न बघता परत आलेली बाई म्हणून आमच्या बाजारात सध्या माझी चेष्टा चालली आहे. समोरचा भांडीवाला तर रोज विचारतो, "आक्का, वाळू आणली का चिमूटभर?" त्याला मी काय उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण जे गोव्याला गेलेले नाहीत त्यांना आधीच सांगून ठेवते, या लेखात किनारा नाही. पेडणे तालुक्यातलं पार्से आहे, डिचोली तालुक्यातली साखळी आहे आणि मधला रस्ता आहे. मासे मात्र भरपूर आहेत. ताटातले थोडे, पिशवीतले जास्त.

मी कोल्हापुरात शोभेचे मासे विकते. सुरुवात जत्रेत केली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत मासे घालून. आज माझ्या स्वतःच्या टाक्या आहेत, माझे मासे बेळगावापासून गोव्यापर्यंत जातात. मला कुणी हात दिला नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. या दोन गोष्टी नसत्या तर या धंद्यात बाईला कुणी उभं राहू दिलं नसतं.

माझ्याकडचा सगळ्यात साधा मासा म्हणजे झेब्रा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे-रुपेरी पट्टे, स्वस्त आणि काटक. पोराला पहिली टाकी घेऊन देताना लोक हाच नेतात. मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला. याच माशाची शेपटी कापली तरी पुन्हा येते, हृदयाचा तुकडा गेला तरी भरून येतो, आणि म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागलेत, हे मला रसिकानं सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "मग मी भाव वाढवायला पाहिजे."

रसिका पार्शाची. कोल्हापुरात शिकायला होती तेव्हा दुकानात यायची आणि काचेला नाक लावून उभी राहायची. पहिल्या दिवशी मी तिला हाकललं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग मीच तिला मासा धरायला शिकवलं. एक जाळी पाण्यात गप्प धरायची आणि दुसरीनं माशाला हळूच तिच्यात चालवत न्यायचं, पाठलाग करायचा नाही. पुढे ती गोव्यात साखळीजवळच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. जखम झाल्यावर सूज का येते, कशी उतरते आणि गेलेला भाग परत कसा येतो, हा तिचा विषय. झेब्रे माझ्याकडूनच जायचे. दर खेपेला ती फोन करायची, "आक्का, पोचले. सगळे जिवंत."

आणि एके दिवशी निरोप आला. "आक्का, यापुढे तुमचे मासे नकोत. कारण नंतर सांगते."

ते नंतर काही उजाडलं नाही. मी फोन केला नाही. मी कशाला करू? पण टाक्यांना खाणं घालताना, पाणी बदलताना, जेवताना तेच वाक्य डोक्यात फिरायचं. गोव्याकडचा एक व्यापारी बोलता बोलता म्हणाला, की तिकडे आता दुसरीकडून मासे येतात. त्या दिवशी मी ठरवलं, जाऊन समोरासमोर विचारायचं. माझ्या मालाचं नाव असं गुपचूप पुसलेलं मी चालवून घेणार नव्हते. पुरावा म्हणून उत्तमातले उत्तम झेब्रे निवडले, नेहमीसारखी त्यांची सगळी तयारी केली, प्राणवायू भरून पिशवी बांधली आणि निघाले.

प्रयोगशाळेत थेट जायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. सौदा अडला की घरातल्या मोठ्या माणसाला आधी गाठावं. म्हणून पहिला मुक्काम पार्से, रसिकाच्या आईकडे.

आंबोलीच्या खाली

आंबोलीचा घाट उतरला की हवा बदलते हे सगळेच लिहितात. मी वासाबद्दल लिहिते. काजूचा मोसम होता. बांदा ओलांडून पेडण्याकडे लागलो तसा खिडकीतून पिकलेल्या बोंडांचा वास यायला लागला. गोड, आंबूस आणि घशाला जरा बोचणारा. आमच्याकडे गुऱ्हाळाचा वास पसरतो तसा हा पसरलेला असतो, पण गुळाच्या वासानं भूक लागते आणि याच्यानं डोळे मिटायला लागतात.

पेडण्याच्या बाजारात उतरले. कुणाच्या घरी भांडायला जायचं असलं तरी हात हलवत जाऊ नये, म्हणून फळं घ्यावीत असं मनात आलं. एका म्हातारीपुढे केळ्यांचे घड होते. मी भाव विचारला, निम्म्यात मागितला. आमच्याकडे यावर बाई कपाळाला हात लावते, शपथा घेते, मग आपण चार पावलं पुढे जायचं आणि तिनं हाक मारायची. ही म्हातारी शांतपणे म्हणाली, "नाका जाल्यार दवर गो बाय."

नको तर ठेव! मी ठेवलं आणि चालू लागले. कान मागे होते. हाक काही आली नाही. बाजाराच्या टोकापर्यंत गेले, एका दुकानातल्या झाडूंची उगाच चौकशी केली आणि शेवटी आपल्याच पायांनी परत आले. म्हातारीनं घड कागदात गुंडाळूनच ठेवला होता. वर एक केळं फुकट दिलं आणि म्हणाली, "चलान दमलंस. खा." धंद्यात मला असं कुणी हरवलं नव्हतं. केळं मात्र फार गोड होतं.

पार्से

रसिकाचं घर काजूच्या उताराला टेकून आहे. पुढे तुळस, तुळशीपलीकडे माड, आणि दाराशी दोन बाजूंना बसायला बांधलेले सिमेंटचे कट्टे. त्यांना तिकडे सोपो म्हणतात. रसिकाची आई सत्यवती तिथेच बसून बोंडांच्या बिया पिरगळून काढत होती. हात कोपरापर्यंत रसाने चिकट. आमची ओळख आधीची, पण फोनवरची.

मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. "वहिनी, मी काही पाहुणचाराला आले नाही. तुमच्या लेकीनं—"

"आक्का मगे तुमी? येवा, येवा. भांडूक इलात?"

"हो."

"मगे भांडा. पण जेवल्याशिवाय न्हय. उपाशी माणूस नीट भांडना नाय."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की पायावर पाणी ठिबकतंय. पिशवीला कुठेतरी बारीक चीर गेली होती आणि झेब्रे तळाच्या उरलेल्या पाण्यात दाटीवाटीनं उभे होते. मी ओरडले. सत्यवतीवहिनी बिया टाकून धावल्या आणि न्हाणीघरातल्या मोठ्या तांब्याच्या भांड्याकडे बोट केलं. आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं, आतून घासून लखलखीत. "ह्या भाणात सोडूया. विहिरीचा पाणी आसा, गार."

"तांब्यात नको!" मी इतक्या जोरात किंचाळले, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "तांब्यात मासा मरतो, वहिनी!"

"अगो, आमी तांब्यातला पाणी पितो आनी हे मरतत?"

"आपण पितो, ते त्यात राहतात!"

शेवटी प्लास्टिकची बालदी सापडली. पाणी विहिरीचं, म्हणजे नळाच्या औषधाचा प्रश्न नव्हता. पण एकदम ओतलं तर माशाला धसका बसतो, म्हणून मी पेल्यानं थोडं थोडं घालत बसले आणि वहिनी बालदीशेजारी बसून मोठ्यानं त्यांची समजूत घालत राहिल्या. "उगी. उगी. कोल्हापूरसून इल्यात, दमल्यात." एकही मासा गेला नाही. या धावपळीत माझा राग कुठे सांडला ते मला कळलं नाही. मी तो नंतर पुन्हा गोळा केला.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, नारळात वाटलेलं माशांचं तांबडं हुमण आणि सुक्या सुंगटांची किसमूर होती. सुंगटं म्हणजे कोळंबी. ती वाळवलेली भाजून, चुरून, ओल्या खोबऱ्यात आणि कच्च्या कांद्यात कालवायची की किसमूर झाली. आमचा तांबडा रस्सा पहिल्या घासाला अंगावर येतो. हुमण आधी गोड लागतं आणि मग सावकाश जिभेवर चढतं. मी दोनदा भात घेतला. मासे विकणारी बाई मासे खाते का, असं लोक विचारतात. खाते. ओळखीचे खात नाही.

हात धुताना मी विषय काढला. वहिनींनी ताटं उचलायची थांबवली.

"आक्का, तुमका म्हणान सांगतंय. पोर धड जेवना नाय. दोन वर्सांचा काम पाण्यात जातलां म्हणता."

हळूहळू त्यांनी सांगितलं. रसिका माशांच्या शेपटीचा तुकडा कापून ती परत कशी येते ते मोजते. आधी एका तऱ्हेचं उत्तर येत होतं, मग दुसरे मासे आणले तर वेगळंच उत्तर आलं. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. तिच्या सरांना वाटत होतं, की मोजण्यात पोरीचीच चूक होतेय. कारण सापडलं नाही तर तो सगळा भाग टाकून द्यावा लागणार होता. मग प्रबंधात उरणार काय?

"आनी तिणां मासे कित्याक बंद केलां, ता तिच सांगात," वहिनी म्हणाल्या. "माका सांगूक नाय. पण फाल्यां सकाळी माका घेवन चला. आनी एक वचन देवा. भांडा तिच्याकडे. तिच्या सरांफुडें आवाज चडयनाकात."

मी वचन दिलं. द्यायला काय जातं, असं त्या वेळी वाटलं.

मुळगावावरून

सकाळी सायकलच्या भोंग्यानं जाग आली. पों-पों करत पाववाला दारात उभा. त्याला पोदेर म्हणतात. टोपलीवरचा कपडा उचलला की वाफेबरोबर भाजक्या कोंड्याचा वास येतो. पोई नावाचा पाव तिथेच खावा. आत पोकळ, वर कोंडा, चहात बुडवला की चहा पिऊन टाकतो. आमच्याकडे पाव म्हणजे मिसळीचा सोबती. तिथे पाव हाच मुख्य आणि बाकीचे त्याचे पाहुणे. पोदेराशी मी घासाघीस केली नाही. पेडण्याची म्हातारी अजून आठवत होती.

म्हापशाला बस बदलून आम्ही डिचोलीच्या बसमध्ये बसलो. बालदीतले झेब्रे आता झाकणाच्या डब्यात माझ्या मांडीवर होते. कंडक्टर "फुडें चल, फुडें चल" करत आला आणि डब्याकडे बघून म्हणाला, "हेचं लगेज पडंल." बोली ऐकताच ओळखलं, हा आमच्या बाजूचा.

"कुठला रं तू?"

"चंदगडचा."

"मग कोल्हापूरच्या बाईकडनं लगेज घेतोस?"

"आक्का, डबा मोठा हाय."

"डब्यात जीव हायत. जीव म्हणजे प्रवासी."

"मग तिकिटं काढा त्यांची!" सगळी बस हसली. मी डब्याचं झाकण उचलून दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. "पट्टे भारी हायत," म्हणाला आणि पुढे गेला. लगेज त्यानं घेतलं नाही. तेवढ्यानं माझी आदल्या दिवशीची हार थोडी भरून निघाली.

अस्नोड्यानंतर मुळगाव येतं. ते वहिनींचं माहेर. एका अंगाला खाणीच्या मातीचे लालभडक डोंगर, माणसांनी रचलेले, आणि त्यांच्या पायथ्याशी शेतं. वहिनी खिडकीतून बोट दाखवत होत्या. पावसात ती लाल माती वाहून शेतात येते, चिखलाचा थर बसतो. भावानं किती वर्षं तो उपसून टाकला, ते त्या सांगत होत्या. "तरी लायता. बाबा लायत होतो म्हणान तो लायता." त्या लाल डोंगराखाली वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताचा हिरवा तुकडा इतका ठसठशीत दिसत होता, की मी डब्याकडे बघायचं विसरले. गोव्याची चित्रं छापणारे इथे का येत नाहीत कोण जाणे.

साखळी

प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. बाहेरून साधी इमारत. आत मात्र मी दारातच थांबले. भिंतभर मांडण्या, त्यांवर ओळीनं छोट्या टाक्या, प्रत्येकीतून पाणी सारखं वाहतंय, आणि सगळ्यांत झेब्रे. माझ्या दुकानात झेब्र्यांना खालच्या कोपऱ्यातली टाकी मिळते. इथे ते राजे होते.

रसिका सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. वळून बघितलं तर आई आणि मी शेजारी शेजारी. पोरगी पार वाळली होती.

"आक्का!"

"कारण विचारायला आलेय," मी म्हटलं. "तुझं नंतर काही आलं नाही, म्हणून मीच आले."

ती खुर्ची सोडून बाजूला झाली आणि म्हणाली, "आधी हे बघा. मग काय ते बोला."

मी डोळा लावला. काचेच्या बशीत पापणीच्या केसाएवढं पिल्लू. आरपार पारदर्शक. त्याचं हृदय धडधडताना दिसत होतं, रक्त पळताना दिसत होतं. इतकी वर्षं मी ही पिल्लं वाढवली, पण त्यांच्या आत कधी बघितलं नव्हतं. या पिलांच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी हिरव्या चमकाव्यात अशी सोय त्यांच्या वंशातच केलेली आहे, असं रसिका म्हणाली. भूल देऊन शेपटीच्या टोकाला बारीक काप दिला होता. आणि त्या कापाकडे हिरवे ठिपके निघाले होते. कुणी सरळ, कुणी वाकडेतिकडे, पण सगळे तिकडेच.

"हीच सूज," रसिका म्हणाली. "हे ठिपके आले, की पुढची कामं सुरू होतात. घाण उचलली जाते, नव्या पेशींना निरोप जातो. ते आलेच नाहीत, तर शेपटी नीट वाढत नाही. आणि काम झाल्यावर निघून गेले नाहीत, तरी वाढत नाही. यावं लागतं आणि जावंही लागतं."

मला तिथून डोळा काढवेना. वहिनींनाही बघायचं होतं. त्या वाकल्या आणि लगेच म्हणाल्या, "आगो, ह्यां तर जत्रेक चल्ल्यात सगळे!"

एवढ्यात रसिकाचे सर आले. मध्यम वयाचे, बोलणं मऊ. नमस्कार झाला. मी डबा पुढे केला. "हे माझे मासे. बघून घ्या. काय वाईट आहे त्यांच्यात?"

"वाईट नाही," सर म्हणाले. "उलट, दिसायला इतके चांगले मासे आमच्याकडे दुसरे आले नाहीत. पण ते वेगळं वागतात. कापल्यावर जखमेपाशी पेशी कमी जमतात आणि शेपटी मागे राहते. दुसरीकडच्या माशांत तसं होत नाही. मला वाटलं, रसिका मोजायला चुकतेय. तिचं म्हणणं असं, की माशांच्या आतच काहीतरी असावं. बाहेरून धडधाकट माशालाही आतून जुना आजार असू शकतो."

"आजार?"

वहिनींचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. उपयोग झाला नाही.

"माझ्या माशांना आजार? अहो सर, तुम्ही धंदा केलाय का कधी? एका उन्हाळ्यात माझे पिशव्याच्या पिशव्या मासे शेपट्या कुजून गेले होते. तेव्हापासून जी काळजी घेते, ती आईबाप घेत नाहीत. लांबची पाठवणी असली, की आधी त्यांना हळदीला बसवते! उकळलेल्या, गाळलेल्या हळदीच्या पाण्यात. तेव्हापासून एक शेपूट कुजली नाही. त्या हळदीवर माझं दुकान उभं आहे! आणि रसिकाच्या माशांना तर मी इतरांच्या दुप्पट दिवस बसवलंय!"

"कशाला बसवलंय?" सरांनी विचारलं.

"हळदीला. नवरीला बसवतात तसं. आमच्या दुकानात तसंच म्हणतात. मग स्वच्छ पाण्यात काढायचे आणि पिशवी बांधायची."

टाक्यांतलं पाणी तेवढं वाहत होतं. रसिकानं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"हे आज आणलेत, तेही?" सर म्हणाले.

"हे तर सगळ्यांत जास्त!"

"पाय मुरगळलो की आमी हळदच लायतो," वहिनी विचारात पडल्यासारख्या म्हणाल्या. "सूज उतरता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीनं सूज येऊच दिली नाही, तर शेपटी कुठून येणार? रसिकानं तोंडावर हात धरला होता. ती हसतेय की रडतेय ते कळेना. बहुतेक दोन्ही.

"आक्का, मी दुकानात इतक्यांदा आले, कधी सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? धंद्यात ज्याची त्याची युक्ती असते. आणि तू तरी कुठं सांगितलंस? कारण नंतर सांगते म्हणे!"

"काय सांगणार होते? तुमचे मासे आजारी आहेत, असं? तुम्हाला? पक्कं कळल्याशिवाय माझ्या तोंडून ते निघालंच नसतं. म्हणून तर तपासण्या करत बसले. आणि आजार काही सापडेना."

तिनं मला फोटो दाखवले. सारख्याच दिवसांनी काढलेले दोन मासे. एकाची शेपटी पंख्यासारखी उघडलेली. दुसऱ्याची आखूड, कडेला ओबडधोबड. दुसरा माझा. पट्ट्यांवरूनच ओळखला, इतके स्वच्छ पट्टे इतर कुणाकडे नसतात. मी तो फोटो बराच वेळ हातात धरला.

सर मात्र सावध माणूस. म्हणाले, "हळदीमुळेच हे झालं, असं अजून म्हणता येणार नाही. दुसरं काही असेल. हळद दिलेले आणि न दिलेले, एकाच वेळी जन्मलेले मासे शेजारी ठेवून बघावे लागेल. तुम्ही द्याल?"

इथे माझ्यातली व्यापारी जागी झाली. "देईन. पण माझी एक अट आहे. कुठल्या पिशवीत हळदीचे आणि कुठल्या पिशवीत साधे, ते मी सांगणार नाही."

"का?"

"कारण आता तुम्हा दोघांनाही हळदच चोर हवी आहे. बघायला बसलात की ती तशीच दिसणार. आधी तुम्ही काय दिसलं ते सांगायचं. मग मी सांगणार."

सर हसले. रसिका म्हणाली, "आम्ही मोजताना चिठ्ठ्या झाकतोच, आक्का. पण कुठली पिशवी कसली, याची किल्ली कोल्हापुरात राहिली, तर अजून बरं."

"आणि हळद निर्दोष निघाली तर सरांनी स्वतः मला फोन करून सांगायचं, की माझ्या मालात खोट नव्हती."

"करीन," सर म्हणाले. "आणि दोषी निघाली तर?"

हे मी सौद्यात धरलंच नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"तर खरं ते सांगीन," मी म्हटलं.

साखळीच्या बाजारात आम्ही तिघींनी पातळभाजी आणि मिरचीची भजी खाल्ली. रसिकानं दुसरी बशी मागवली, तेव्हा वहिनींनी टेबलाखालून माझा हात दाबला. वचन मोडल्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

कोल्हापूर

घरी आल्यावर एकाच घाण्यातले झेब्रे वेगळे केले. एका टाकीला हळद, एकीला नाही. बिनहळदीच्या टाकीपुढे उभं राहणं मला फार जड गेलं. लेकराला थंडीत उघडं ठेवावं तसं वाटत होतं. दोनदा हळदीचं भांडं हातात घेतलं आणि ठेवून दिलं. पिशव्या बांधल्या, एकीला लाल रबर, एकीला हिरवं. रवाना केल्या.

नंतरचे दिवस मी गिऱ्हाइकांशी कशी वागले ते त्यांनाच विचारा.

मग एका दुपारी दुकान जरा रिकामं असताना फोन आला.

"आक्का, मोजून झालं. सरही इथेच आहेत. सांगू?"

"सांग."

"हिरव्या रबरातल्यांच्या जखमेपाशी पेशी पहिल्यापासून भरपूर आल्या आणि वेळेवर गेल्या. शेपट्या छान आल्या. लाल रबरातले मागे राहिले. आधीच्या तुमच्या माशांसारखेच, अगदी तसेच." ती थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. "आता तुम्ही सांगा."

किल्ली माझ्याकडे होती. हळद हिरव्या रबरात होती, एवढंच म्हटलं असतं तर माझी युक्ती शाबूत राहिली असती. मी समोरच्या टाकीकडे बघितलं. झेब्रे नेहमीसारखे घाईत होते.

"लाल," मी म्हटलं. "हळद लाल रबरात होती."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बहुतेक स्टूल. रसिका कुणाला तरी ओरडून सांगत होती, सर काहीतरी म्हणत होते, मग सगळे एकदम बोलत होते. मी फोन कानाला धरून उभी होते. दारात एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं.

बऱ्याच वेळानं ती फोनवर परत आली. आवाज हळू झाला होता.

"आक्का, रागावलात?"

"व्हय, रागावलोय," मी म्हटलं. "आता फोन ठेव, आन् लिहायला बस."